आम्ही म्हणजे ऐकणारा सोडून

इंग्रजी शाळेत मराठी शिकवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वरणभात वाढणं. कोणी नको म्हणत नाही, पण त्यासाठी आलेलंही कोणी नसतं. मी वर्षानुवर्षं हा वरणभात वाढतेय. नागपूरच्या मुलांचं मराठी कसं असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. ‘मिस, तो मले मारून राहिला’, ‘मिस, होमवर्क घरीच भूल गया’, अशी एका वाक्यात दोन-तीन भाषांची खिचडी. मी त्यावर फारसं बोलत नाही. घरी मीही ‘काहून’ आणि ‘करून राहिली’च बोलते, मग वर्गात उगाच पुणेरी पगडी कशाला घालायची.

पण एका जागी मी हट्टी आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’. हिंदीत ‘हम’ म्हटलं की सगळे आले, इंग्रजीतही तेच. मराठीने मात्र तिथे दोन शब्द ठेवलेत आणि आमची मुलं ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. म्हणून दरवर्षी सातवीला मी एक उदाहरण देते. ‘आम्ही तर्री पोहे खायला चाललो’ असं कोणी तुला सांगितलं, तर घरी बस, तुझा त्यात नंबर नाही. ‘आपण तर्री पोहे खायला चाललो’ म्हटलं, तर चप्पल घाल. मुलं हसतात. मग मी फळ्यावर लिहिते: आम्ही म्हणजे ऐकणारा सोडून, आपण म्हणजे ऐकणाऱ्यासकट. परीक्षेत यावर प्रश्न असतो आणि चुकलं की मी अर्धा गुण कापते. त्या अर्ध्या गुणावरून पालक भांडायला आलेले आहेत, पण मी तो दिलेला नाही.

हा नियम एका मुलीने इतका मनावर घेतला की तिचं शाळेतलं नाव कटायची वेळ आली.

आमची शाळा (इथे ‘आमची’च म्हणायला हवं, कारण ऐकणारे तुम्ही आहात) बिशपांच्या शाळांपैकी एक. जुनी, लाल विटांची, आवारात चॅपल. लोकांना वाटतं चर्चची शाळा म्हणजे सगळी ख्रिस्ती मुलं. कुठलं काय. वर्गात ख्रिस्ती मुलं असतात ती बोटांवर मोजण्याएवढी. बाकी ज्यांच्या घरी दहा दिवस गणपती बसतो ते, ज्यांचा दसरा दीक्षाभूमीवर जातो ते, रोजे ठेवून पीटीच्या तासाला सावलीत बसणारे, मिहानमध्ये नोकरी लागली म्हणून कुठून कुठून आलेल्यांची मुलं, सगळा नागपूर. दर बुधवारी सकाळी हे सगळं चॅपलमध्ये भरतं. तिथले पंखे एवढे उंच टांगलेत की वारा वरच्या वर फिरतो आणि खाली आम्ही घाम पुसत बसतो.

बुधवारची एक पद्धत मला पहिल्या दिवसापासून आवडली. शाळेचे पाळक, ज्यांना मुलं फादर म्हणतात आणि आम्ही स्टाफवाले पाळकसाहेब, प्रार्थनेच्या आधी मुलांना विचारतात, ‘आज कोण नाही?’ मग बाकांवरून नावं येतात. कोणाला ताप, कोणाचे आजोबा गेले, कोणी गावी. शिक्षक नसले तर त्यांचंही नाव येतं. पाळकसाहेब एकेक नाव पुन्हा म्हणतात आणि क्षणभर थांबतात. बस, एवढंच. हजेरीपटावर गैरहजर म्हणजे लाल खूण, इथे गैरहजर म्हणजे ज्याची आठवण काढायची तो. माझी आई गेली तेव्हा मी बरेच दिवस शाळेत नव्हते. परत आले तर एक छोटं पोट्टं जिन्यात थांबवून म्हणालं, ‘मिस, आम्ही दर बुधवारी तुमचं नाव घेतलं.’ श्रद्धा म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी तत्त्वज्ञान सांगू शकणार नाही. पण माझ्या माघारी माझं नाव कुठेतरी घेतलं जात होतं, याचा केवढा आधार वाटला, ते मात्र सांगू शकते.

नावं झाली की मराठी प्रार्थना. शाळेच्याच कोण्या जुन्या पाळकाने लिहिलेली आहे म्हणतात, नक्की कोणालाच ठाऊक नाही. चारच ओळी.

आमच्या पालनकर्त्या,
आमचे हात कामाला लाव,
आमची जीभ ताब्यात ठेव,
आमच्या ताटातलं शेजाऱ्याला पुरू दे.

तिसरी ओळ माझ्यासाठीच लिहिलीय असं स्टाफरूममध्ये म्हणतात. म्हणोत बापडे.

गंमत अशी की ही प्रार्थना मुलांच्या वहीत शुद्ध लिहून घेणारी मी, चॅपलमध्ये ती कधीच म्हणत नसे. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली इथेच नागपुरात धम्मदीक्षा घेतली. देव, पालनकर्ता, वरचा कोणी, हे आमच्या घरातून तेव्हाच गेलं. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा वडिलांनी एकच गोष्ट सांगितली होती: ‘मान द्यायचा, मान वाकवायची नाही.’ मी ते धरून बसले. बुधवारी पहिल्या बाकाच्या टोकाला ताठ उभी राहायची, हात जोडायची आणि ओठ मिटून ऐकायची. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला वाटे, एवढ्या गजरात एक तोंड बंद आहे हे कोणाला कळणार?

ती मुलगी सातवीत नवीन आली. कोराडीहून शाळेच्या बसने यायची. वडील वीज केंद्रात कामाला, राहणं तिथल्याच कॉलनीत. आधी गावातल्या मराठी शाळेत होती, त्यामुळे इंग्रजीत अडखळायची, पण मराठी वाचायला लागली की वर्ग गप्प व्हायचा. आवाज मोठा नव्हता, स्वच्छ होता. प्रत्येक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं. शिवाय प्रश्न विचारायची. ‘आपण’चा धडा झाला त्या दिवशी तास संपल्यावर माझ्या मागे मागे स्टाफरूमपर्यंत आली. म्हणाली, ‘मिस, दोघं जण बोलून राहिले आणि तिसरा बाजूले उभा राहून फक्त ऐकून राहिला, तर तो आम्हीत का आपणमध्ये?’ मी घाईत होते. म्हटलं, ‘त्याला बोलावलं नाही ना? मग तो बाहेर.’ तिने मान हलवली आणि गेली. मी चहा प्यायले.

त्यानंतर केव्हातरी तिने चॅपलमध्ये प्रार्थना म्हणणं बंद केलं. मला हे कळलंच नाही, कारण मी पुढे पाहत उभी असायची आणि ती माझ्या मागच्याच बाकावर. कळलं ते शाळेच्या वाढदिवसाची उपासना जवळ आली तेव्हा. त्या दिवशी बिशपसाहेब येतात, पालक येतात, चॅपल भरून दारापर्यंत लोक उभे असतात. ‘आज कोण नाही?’ हे त्या दिवशी पाळकसाहेब नाही तर एक मूल विचारतं आणि प्रार्थनाही तेच मूल सांगतं. सगळ्यांनी एकमताने हिचं नाव घेतलं. तालमीत हिने बाकी सगळं झकास केलं. प्रार्थना आली की गप्प. पाळकसाहेबांनी चुचकारलं, वर्गशिक्षिकेने दटावलं. तोंडाला कुलूप ते कुलूपच.

गोष्ट प्रिन्सिपल मॅडमपर्यंत गेली. मॅडम केरळच्या, शिस्तीच्या पण मायाळू. मराठी समजतं, बोलतात हिंदी. आधीच्या शाळेत प्रार्थनेवरूनच पालकांनी मोठा गोंधळ घातला होता, त्यामुळे दुधाने तोंड पोळलेलं. त्यांना वाटलं, घरून मनाई असणार, उद्या मोबाइलवर कोणीतरी काहीबाही फिरवणार. त्यांनी मुलीच्या वडिलांना बोलावून घेतलं. भाषा मराठीची म्हणून मलाही बसवलं. पाळकसाहेब कोपऱ्यात होते.

वडील शिफ्ट संपवून तसेच आले होते, बुटांवर राख होती. मॅडमनी हळुवारपणेच विचारलं, ‘आपके घर से कोई ऑब्जेक्शन है क्या?’ पण माणूस मानी. त्याला ते आरोपासारखं लागलं.

‘आमच्या घरी कोनी कोनाच्या देवाले नाव ठेवत नाही,’ तो माझ्याकडे बघत म्हणाला. ‘मी हात जोडून जोडून या शाळेत अॅडमिशन घेतली. तिच्या मायने त्यासाठी काय काय केलं ते आमचं आम्हाले ठाऊक. आन तुम्ही मलेच विचारून राहिले?’ मग तो मुलीकडे वळला. ‘काहून नाही म्हणत वं? सांग ना.’

मुलगी खाली पाहत उभी.

‘ठीक हाय,’ बाप म्हणाला, ‘उपासनेच्या दिवशी मी येतो. म्हणली तर म्हणली. नाही म्हणली तर तिथूनच टीसी घेऊन जातो. चार लोकांत माह्या पोरीची रोज गोठ झालेली मले नाही चालत.’

टीसी. शाळा सोडल्याचा दाखला. तो शब्द ऐकला आणि मुलीचा चेहरा उतरला, तरी तोंड उघडलं नाही. मला राग आला. बापाचा, मॅडमचा, त्या मुलीचा, सगळ्यांचा. राग आला की मला बसवत नाही. मी उठले, तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेर चॅपलच्या पायऱ्यांवर आणून बसवलं.

‘आता बोल,’ मी म्हटलं. ‘काहून म्हणत नाहीस?’

‘तुम्हीच तर शिकवलं, मिस.’

‘मी? प्रार्थना म्हणू नको असं?’

‘नाही. आम्ही म्हणजे ऐकणारा सोडून.’

मला आधी हसू आलं. हे असलं काही नागपूरच्या सातवीतल्या पोरीलाच सुचणार. म्हटलं, ‘अगं वेडाबाई, प्रार्थना ऐकणारा म्हणजे देव. “आमच्या” म्हटलं की फक्त तो बाहेर राहतो. बाकी सगळे आत. व्याकरण अगदी बरोबर आहे, तू खुशाल म्हण.’

‘देव नाही, मिस,’ ती म्हणाली. ‘तुम्ही.’

‘मी काय?’

‘सगळे म्हणून राहिलेले असतात. तुम्ही एकट्याच ऐकून राहिलेल्या असता. मागच्या बाकावर तुमचा आवाज कधी येतच नाही. तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, जो फक्त ऐकते तो बाहेर.’ ती बुटाची लेस उगाच सोडत-बांधत होती. ‘मी पण “आमच्या” म्हटलं तर तुम्ही पूर्ण एकट्या पडता. म्हणून मी पण ऐकते. दोघी असलो की मग आपण होतो.’

माझ्या नाकावर राग असतो हे अख्ख्या शाळेला माहीत आहे. त्या क्षणी तो शोधूनही सापडला नसता. इतकी वर्षं मी तिथे ताठ उभी राहत होते, आजोबांची नात, वडिलांची लेक म्हणून, स्वतःच्या मानाने. त्यात काही दुःख होतं असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि मागच्या बाकावरून एका पोरीला दिसत होतं ते एवढंच, की मिस एकट्या आहेत.

‘मग हे आत काहून नाही सांगितलं?’ मी विचारलं.

‘तुमचं नाव आलं असतं. सगळ्यांनी विचारलं असतं, मिस काहून नाही म्हणत. तुम्हाले काढून टाकलं असतं तर?’

म्हणजे टीसी तिला चालली असती. माझी नोकरी गेलेली चालली नसती. मी पदराने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. तिने मान हलवली. ती मुलगी खोट्याला मान हलवते, पण विश्वास ठेवत नाही.

आम्ही आत गेलो. मी ताकाला जाऊन भांडं लपवणारी नाही. सरळ सांगितलं की मुलीचं धर्माशी काही भांडण नाही, मी प्रार्थना म्हणत नाही म्हणून ती माझ्या सोबतीला गप्प राहिली. मग ‘आम्ही’ आणि ‘आपण’ समजावलं. मला वाटलं होतं मॅडमना ते कळायचं नाही. पण त्या एकदम पुढे सरकल्या. ‘अरे, हमारे मलयालम में भी दो हैं,’ म्हणाल्या, ‘ञङ्ङळ और नम्मळ.’ आणि हसल्या. एवढ्या वर्षांत नागपुरात कोणाला हा फरक कळावा, तर केरळच्या बाईला. हसू ओसरल्यावर त्यांनी मला विचारलं, तुम्ही म्हणत नाही हे मला कसं दिसलं नाही?

‘मले दिसते ना,’ पाळकसाहेब कोपऱ्यातून म्हणाले. हा माणूस अस्सल नागपुरी, इथल्या इंदोऱ्यात वाढलेला. ‘पहिल्या वर्षापासून दिसते. म्हणून तर मी डोळे मिटून प्रार्थना सांगतो. पाहिलं की विचारा लागते, विचारलं की बाई खोटं बोलणार नाही. कायले उगाच?’

मला वाटत होतं मी मूठ झाकलीय. झाकली होती त्यांनी.

मुलीचा बाप मात्र तसाच बसून होता. राग गेला होता, पण शब्द मागे घेणाऱ्यांतला तो नव्हता. ‘कारण समजलं,’ तो म्हणाला. ‘पण लोकांले कारण कोन सांगत बसन? त्या दिवशी म्हणली पाहिजे.’ आणि मुलगीही त्याचीच. जाता जाता ती माझ्या कानाशी म्हणाली, ‘तुम्ही म्हणाल तर मी म्हणीन.’

आता आली का पंचाईत. तिचं शाळेतलं नाव माझ्या ओठांवर येऊन बसलं. म्हणायला काय, चार ओळी. पण ज्याला मी मानत नाही त्याला ‘पालनकर्त्या’ म्हणून हाक मारायची, तीही एका मुलीसमोर, जिला खोटं ओळखता येतं? आणि नाही म्हटलं तर ती परत कोराडीला, कुठल्याशा वर्गात मागच्या बाकावर. हुडकेश्वरला घरी जाताना बसमध्ये मी हाच हिशेब करत होते आणि माझा स्टॉप मागे गेला.

वडील गॅलरीत बसले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. अजून कोणाचंही उदाहरण चुकलं की त्यांना झोप येत नाही. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं म्हणतील, शाळा सोड पण मान वाकवू नको. ते म्हणाले, ‘तुले कोन म्हनलं तोंड बंद ठेव म्हून?’

‘तुम्हीच. मान द्यायचा, मान वाकवायची नाही.’

‘त्याच्यात तोंडाची गोठ कुठं हाय?’

मी ते वाक्य मनात पुन्हा तपासलं, तोंड कुठेच नव्हतं. मराठीची बाई मी.

‘मी म्हनलो होतो, खोटं वागू नको,’ ते म्हणाले. ‘तू चूप राहून बसली. माह्या वर्गात एखाद्या पोट्ट्याले उदाहरण पूर्ण नाही आलं, तर तो कोरा कागद देते का? येते तेवढ्या पायऱ्या लिवते. पायऱ्यांचे मार्क भेटतात. सांग बरं ती प्रार्थना.’

मी म्हणून दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने, हुडकेश्वरच्या गॅलरीत.

‘पहिली ओळ तुले नाही येत. ठीक हाय, सोड. हात कामाले लाव, हे खोटं हाय का? जीभ ताब्यात ठेव, हे तर तुह्या बाबतीत भल्लीच खरं. आन शेजाऱ्याले पुरू दे...’ त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ‘तुही आज्जी पाहुणा नसला तरी एक भाकर जास्त टाकत जाय. तिनं कोन्या देवाले विचारून टाकली नाही. ते आपलंच हाय. ते म्हनाले कोनाची परवानगी लागते?’

मी इतकी वर्षं वडिलांच्या शब्दाला धरून उभी होते आणि वडिलांचा शब्द तो नव्हताच. चिडावं की हसावं ते कळेना. मी आत जाऊन कणीक भिजवली. त्या रात्री पोळ्या थोड्या जास्तच झाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलीला पायऱ्यांवर गाठलं आणि सांगितलं, ‘हे बघ, दुसऱ्या ओळीपासून मी म्हणेन. मोठ्याने. पहिली ओळ मला नाही येणार. खोटं पडेल.’

तिने विचार केला. ‘म्हणजे पहिल्या ओळीत तुम्ही बाहेरच.’

‘पहिली ओळ ही हाक आहे. हाक तू मार. कामाला मी येते.’

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ‘पाहते,’ म्हणाली. मोठ्या बाईसारखी. उपासनेपर्यंत तिने मला तेवढ्याच उत्तरावर ठेवलं आणि मी रोज मनात तिला टीसी घेऊन फाटकाबाहेर पडताना पाहिलं.

उपासनेच्या दिवशी चॅपल गच्च भरलं होतं. बिशपसाहेब पुढे, मॅडम त्यांच्या बाजूला, पाळकसाहेब वेदीपाशी. मुलीचा बाप मागे दारात उभा, इस्त्रीच्या शर्टात, हाताची घडी घालून. मी माझ्या नेहमीच्या जागी, पहिल्या बाकाच्या टोकाला. ती पुढे आली. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी.

‘आज कोण नाही?’ तिने विचारलं. नावं आली. आठवीतला एक मुलगा, पाय मोडलेला. एका मुलीची आजी. ड्रायव्हरकाका, मुलीच्या लग्नासाठी गावी गेलेले. तिने एकेक नाव परत म्हटलं आणि थांबली. मग अजून थोडी थांबली. आता प्रार्थना. सगळ्यांनी हात जोडले. तिने माझ्याकडे पाहिलं. दाराकडे नाही, बिशपसाहेबांकडे नाही. मला वाटलं, ही आता गप्प राहणार आणि सगळं माझ्यामुळे.

‘आपल्या पालनकर्त्या,’ ती म्हणाली.

स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं. अख्खं चॅपल सवयीने ‘आमच्या’ म्हणायला गेलं आणि अडखळलं. निम्मे ‘आमच्या’, निम्मे ‘आपल्या’, नुसता गोंधळ. पाळकसाहेबांनी डोळे उघडले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा मिटून घेतले. ती मात्र माझ्यावरची नजर न काढता उभी होती. जो नियम ती वर्गात सगळ्यांत चांगला शिकली होती, तोच तिने बिशपसाहेबांसमोर धडधडीत चुकवला होता. ऐकणाऱ्यासकट. ओठ मिटून उभ्या असलेल्या ऐकणारीसकट.

‘आमचे हात कामाला लाव,’ मी म्हटलं. ठरल्यापेक्षा मोठ्यानेच निघालं. इतक्या वर्षांत माझा आवाज त्या भिंतींनी ऐकला नव्हता, मलाच तो अनोळखी वाटला. माझ्याच बाकावरच्या दोन मुलांनी वळून पाहिलं. जीभ ताब्यात ठेव, शेजाऱ्याला पुरू दे, मी शेवटपर्यंत म्हटलं. शेवटच्या ओळीला आवाज चिरकला. तो तसाच राहू दिला.

बाहेर मुलीचा बाप मला भेटला. बुटांकडे पाहत होता. आज त्यांच्यावर राख नव्हती. ‘ते टीसीचं राहू द्या, मिस,’ म्हणाला. मग म्हणाला, ‘पण ती चुकली ना एका जागी? “आमच्या” पाहिजे होतं ना तिथं?’

‘हो,’ मी म्हटलं, ‘चुकली.’

ती आता आठवीत आहे. बुधवारी माझ्या मागच्याच बाकावर असते आणि पहिली ओळ अजून तशीच म्हणते. तिचं ऐकून आता निम्मी शाळा तसंच म्हणायला लागलीय, छोटे तर सगळेच. देवाशी बोलताना ‘आपल्या’ म्हटलं तर तोही त्यात येतो, म्हणजे तो स्वतःचाच पालनकर्ता झाला. व्याकरणाने हे साफ चूक आहे. उत्तरपत्रिकेत दिसलं तर मी आजही अर्धा गुण कापीन. चॅपलमध्ये मी ते सुधारायला गेलेले नाही.